अकरा सर्व्हर, एकही तक्रार नाही

आमच्या हार्लन फोर्ड गावच्या वाचनालयात सर्व्हर सांभाळण्याची जागा रिकामी झाली. निवड समितीसमोर दोन अर्ज होते. पहिल्या उमेदवाराचा सरावाचा सर्व्हर तीन-चार महिन्यांत चार वेळा बंद पडला होता. दुसऱ्याकडे अकरा सर्व्हर होते आणि त्यातला एकही एकदासुद्धा बंद पडला नव्हता. तुम्ही कोणाला घ्याल? आत्ताच मनातल्या मनात एका अर्जावर बोट ठेवा आणि ते तिथंच राहू द्या. आम्हीही ठेवलं होतं. मी समितीचा चिटणीस, म्हणजे चौघांपैकी एक. पाचव्या सभासदाची जागा दोन वर्षं रिकामी आहे.

दुसरा उमेदवार म्हणजे लोवेल पिकेट, वाचनालयात परत आलेली पुस्तकं घेणारा. नोव्हेंबरात काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाराने, जाहीर केलं की एप्रिलपासून पुस्तकं परत घ्यायला यंत्र येणार आणि लोवेलचे तास आठवड्याला पंधरावर येणार. पंधरा तासांना आरोग्यविमा मिळत नाही, आणि लोवेलची बायको मार्लिस इन्सुलिनवर आहे. म्हणजे प्रश्न सर्व्हरचा नव्हताच, फ्रीजमधल्या त्या छोट्या बाटल्यांचा होता. त्याच सुमारास सर्व्हर सांभाळणाऱ्या क्रान्ट्झबाई मार्चअखेर निवृत्त होणार असं कळलं. त्यांच्या जागेसाठी अट एकच होती: उमेदवाराने किमान तीन महिने स्वतःचा सर्व्हर चालवलेला असावा.

लोवेल बाईंकडे गेला. मी तिथेच मासिकं चाळत होतो.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "महिन्याला पाच डॉलर भाड्याने आभासी सर्व्हर मिळतो. कुठल्यातरी मोठ्या यंत्राचा एक कोपरा तुझ्या नावावर. त्यावर काहीतरी बसव. मोड. दुरुस्त कर. परत मोड."

"पण कुठला घेऊ?"

"कुठलाही."

"कुठलाही म्हणजे नेमका कुठला?"

क्रान्ट्झबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर नुसता निवडत बसणारा माणूस त्या लगेच ओळखत.

लोवेल इंटरनेटवरच्या एका मंडळात शिरला. स्वस्त सर्व्हर शोधणाऱ्यांचं मंडळ ते. तिथे प्रश्न विचारण्याआधी अर्ज भरावा लागतो. सर्व्हर कशासाठी हवा, या रकान्यात लोवेलने लिहिलं, 'शिकायला'. चार मिनिटांत उत्तर आलं: 'शिकणं हा उपयोग धरला जात नाही. नियम सात वाचा.' नियम सात म्हणत होता की आधी गरज नक्की करा, आणि गरज नक्की करायला काय लागतं ते नियम आठ ते एकोणतीसमध्ये होतं.

लोवेलने तक्ता केला. आधी नऊ रकाने, मग सत्तेचाळीस. शिकागोच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला सेकंदाचे एकोणीस हजारांश लागतात आणि डॅलसच्या सर्व्हरला अडतीस, हे त्याने स्वयंपाकघरातून, बैठकीतून आणि गॅरेजमधून वेगवेगळं मोजलं.

"एवढी घाई कशाची रे तुला?" मार्लिस म्हणाली. "गाडीच्या किल्ल्या शोधायला रोज अर्धा तास घालवतोस."

"मार्लिस, यात दुप्पट फरक आहे."

"मग तू शिकशील का दुप्पट?"

या मुद्द्याला तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून तो राहून गेला.

खरेदी मात्र होईना, कारण नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर दुसऱ्या दिवशी सगळे दर कोसळतात आणि त्याआधी घेणाऱ्याला मंडळात खुळा समजतात. सणाच्या त्या गुरुवारी सासरची चौदा माणसं टर्की खात असताना लोवेल फोन घेऊन दोन तास न्हाणीघरात बसला होता. मध्यरात्रीच्या दोन मिनिटं आधी दर उतरले आणि त्याने तीन सर्व्हर घेतले. तीन का, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, "एकच घेतला असता तर तुलना कशाशी केली असती?"

नवा सर्व्हर मिळाला की पहिलं काम त्याचा वेग मोजून आकडे मंडळात लावणं, असा तिथला रिवाज आहे. दुसरं काम कुठल्याच नियमात नाही. लोवेलने इतक्यांदा वेग मोजला की कंपनीने शेजारच्या भाडेकरूंना त्रास होतो म्हणून तंबी दिली. मग पहिल्यावर नजर ठेवायला चौथा घेतला, चौथा खरं सांगतोय का बघायला पाचवा. नाताळपर्यंत अकरा झाले. सगळे रिकामे. मंडळात याची कोणाला लाज नव्हती. उलट लोक सहीखाली लिहीत: 'चौदा आहेत, चौदाही रिकामे.' जानेवारीत लोवेलला 'ज्येष्ठ सल्लागार' असा बिल्ला मिळाला. अर्ज करणाऱ्या नवशिक्यांना तो आता नियम सात वाचायला सांगू लागला.

पहिला उमेदवार म्हणजे रोवीना टेट. वय बावन्न, आधी शाळेची बस चालवायची, तेव्हा आमच्याकडे पुस्तकं फडताळात लावत होती. तिने बाईंचं ऐकलं, यादीतलं पहिलं नाव घेतलं आणि चर्चच्या सामुदायिक जेवणाला कोण काय आणणार याची पाटी त्या सर्व्हरवर बसवली. आठवड्यात सर्व्हरला स्वतःच लावलेल्या कुलुपाबाहेर अडकली. जानेवारीत सर्व्हर आपल्याच कामाच्या ज्या नोंदी लिहीत जातो त्यांनी जागा भरून तो गुदमरला. फेब्रुवारीत सॉफ्टवेअरची एक सुधारणा अर्ध्यात तुटली, पाटी दिसेना, आणि रविवारी अकरा जणांनी बटाट्याचंच सॅलड आणलं. प्रत्येक वेळी तिने तो पुन्हा उभा केला. चारही वेळांची हकिगत तिने अर्जात इमानाने लिहिली. गरीब बिचारी.

मुलाखतीच्या दिवशी लोवेल मला जिन्यात भेटला. टाय उलटा बांधला होता. "मला यातलं काही येत नाही," तो म्हणाला. "मी नुसता निवडत बसलो. आता मार्लिसला काय सांगू?" मला त्याची दया आली आणि रागही आला. मी टाय नीट करून दिला.

समितीचे अध्यक्ष ग्लेन हॉस्टेटलर. त्यांनी रोवीनाचा अर्ज हातभर लांब धरला.

"चार वेळा बंद पडला?"

"तीनदा. चौथ्यांदा मी पाडला."

"मुद्दाम?"

"परत उभा करता येतो का ते बघायला. वीस मिनिटांत केला."

"मुद्दाम," असं हॉस्टेटलरांनी लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग लोवेल आला.

"अकरा सर्व्हर, चार महिने, एकदाही बंद नाही? कसं जमवलंत?"

लोवेलने टायची गाठ सैल केली. "खरं सांगू का साहेब, मी त्यांना हातच लावला नाही."

हॉस्टेटलर खुर्चीत मागे टेकले. अठरा वर्षं काउंटी चालवणाऱ्या माणसाला आपल्याच विचारांचा माणूस भेटल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं. "बरोबर," ते म्हणाले. "चालत्या यंत्राला हात लावू नये. हे कळायला लोकांचा जन्म जातो."

ठराव एकमताने झाला. एकमतात माझंही मत होतं. मार्लिसचा विमा वाचला, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. रोवीनाला शेजारच्या काउंटीने महिन्याभरात उचलली.

मे महिन्यात वाचनालयाचा सर्व्हर बंद पडला. लोवेलने हात लावला नाही. पुस्तकांची नोंद आम्ही सध्या बुटांच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकून करतो. तीनशे बारा पुस्तकं कोणाकडे आहेत ते कोणालाच माहीत नाही. लोवेल रोवीनाला फोन करायला तयार आहे, पण बाहेरचा माणूस बोलवायचा तर काउंटीच्या नियमाने तीन सल्लागारांची तुलना लागते. तक्ता चालू आहे. रकाने एकसष्ट झालेत.

गावातले लोक मला गाठून विचारतात, तुमची अक्कल कुठे गेली होती? मी वाद घालत नाही. नावं झाकून दोन्ही अर्ज पुढे करतो आणि एकावर बोट ठेवा म्हणतो. आजवर एकानेही चार वेळा पडलेल्यावर बोट ठेवलेलं नाही.

तुमचं बोट सुरुवातीला कुठे होतं ते आठवतंय ना? समितीतली पाचवी जागा अजून रिकामीच आहे. तुम्ही चालाल.