जन्मभराची शिक्षा

आमच्या शेजारचे वसंतराव भुसारी रोज दिवेलागणीला पोर्चमध्ये बसून मोठ्या आवाजात एक खून करतात. रविवारी दोन. रायपूरच्या चौबे कॉलोनीत नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी फाटकाशी थबकतो. जुने लोक ‘आज कोण गेलं?’ एवढंच विचारतात.

खून अर्थात छापलेले. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा कुठून तरी मिळवला. त्यांना त्यातल्या फक्त सुडाच्या गोष्टी चालतात, त्याही बिनकारण सुडाच्या. एका बँडवाल्याला शेजाऱ्याच्या शिंकेचा द्वेष, एका सोनाराला गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीचा. मी एकदा विचारलं, “पण काका, कारण काय?”

“कारण असलं का ते भांडण होते,” ते म्हणाले. “कारण नसलं का वैर. तू भांडणातला माणूस आहेस. तुले नाही समजत.”

श्रोते दोन. एक मी, भिंतीपलीकडे झाडांना पाणी घालण्याचं नाटक करणारा. (माझी तुळस त्या पाण्यानंच सडली.) दुसरी त्यांची सून, सरोज. ती छत्तीसगढी, अभनपूरच्या साहूंची, इथं शाळेत शिकवते. तिचा नवरा मिलिंद, वसंतरावांचा एकुलता एक मुलगा, गेल्या वर्षी आजारपणात गेला. तेव्हापासून घरात ही दोघंच. तिचा मोठा भाऊ अधूनमधून येऊन सांगायचा, चल घरी, आता इथं तुझं कोण आहे? ती हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. वसंतरावही काही बोलत नसत. त्या संध्याकाळी खून जरा मोठ्यानं व्हायचा, एवढंच.

एकदा बँडवाल्याची गोष्ट संपत आली होती. “‘आणि अखेर त्याने आपल्या वैऱ्याला जन्मभराची शिक्षा दिली!’” वसंतराव गरजले.

भाजी निवडता निवडता सरोज म्हणाली, “अच्छा किया, बाबूजी. पढ़-लिख जाएगा बेचारा.”

मग वसंतराव असे हसले की कवळी हातानं धरावी लागली.

त्यानंतर त्यांच्या गोष्टींतले मुडदे कमी झाले. गळा दाबलेला असो की विहिरीत ढकललेला, वसंतराव छापील शेवट बदलून सगळ्यांना शिक्षाच द्यायला लागले. “चलो, इसका भी स्कूल में दाखिला हो गया,” सरोज म्हणायची, आणि पुन्हा कवळी.

आता मी मराठी मंडळात शुद्धलेखनाचे वर्ग घेतो. विद्यार्थी दोन, त्यातली एक माझी बायको. एवढ्या अधिकारानं मला ते सहन होईना. एका संध्याकाळी पाण्याची नळी हातात घेऊन मी भिंतीवरून म्हणालो, “दीदी, मराठीत शिक्षा म्हणजे सजा. पढ़ाईला आम्ही शिक्षण म्हणतो.” ‘ण’ नीट म्हणूनही दाखवला.

वसंतरावांनी अंक मिटला. “अबे, तुले कोणी विचारलं होतं?”

दुसऱ्या दिवशी सरोज फाटकाशी भेटली. “भैया, इतने साल मराठी घर में रही हूँ. शिक्षा नहीं जानूँगी? मिलिंद के जाने के बाद बाबूजी बस उसी बात पर हँसते थे.”

मी काहीतरी पुटपुटलो. शुद्ध नसावं.

मग खून सपाट आवाजात व्हायला लागले. तिनं पुन्हा दाखिल्याचा विनोद करून पाहिला. वसंतराव नुसते “हूँ” म्हणाले. आता हसावं, तर इतके दिवस ती मुद्दाम चुकत होती आणि आपण फसलो, हे कबूल करावं लागलं असतं.

अशातच भाऊ गाडी घेऊन आला. आज नेतोच, असं त्यानं फाटकातूनच सांगितलं. सरोजनं त्याला पोर्चमध्ये चहा दिला आणि स्वतः उभीच राहिली. वसंतरावांनी पाहुण्याकडे न बघता अंक उघडला आणि गठ्ठ्यातली सर्वांत विखारी गोष्ट काढली: साऱ्या गावाचा द्वेष करणारा एक म्हातारा, दारात काठी घेऊन उभा.

“‘चालते व्हा!’” वसंतराव वाचत होते. “‘मला कोणाची गरज नाही. माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाऊल ठेवाल तर याद राखा!’”

भावाला मराठीचा गंध नाही. तो बिचकून बहिणीला म्हणाला, “का कहत हे बाबूजी?”

सरोजनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग छत्तीसगढीत, अगदी सावकाश सांगितलं, “कहत हे, मोर बहू ला झन लेग.” माझ्या सुनेला नेऊ नकोस.

वसंतरावांचा जन्म रायपुरात गेला. बाजारात ते छत्तीसगढीतच घासाघीस करतात. त्यांना शब्द न् शब्द कळला. मलाही कळला. नळीचं पाणी माझ्या चपलेवर पडत होतं आणि शुद्धलेखनाचा एकही नियम आठवत नव्हता.

अंक त्यांच्या तोंडासमोर होता. भाषांतर चुकलंय, असं ते म्हणाले नाहीत.

भाऊ बराच वेळ त्या अंकाच्या मुखपृष्ठाकडे बघत राहिला. “हव,” तो शेवटी होकार देत म्हणाला, आणि रिकामा कप बहिणीपुढे केला. “थोरकिन चाय अउ दे.” आणखी थोडा चहा.

सरोज आत गेली. वसंतरावांनी पान उलटलं. गोष्ट तिथंच संपली होती. पुढं केसांच्या तेलाची जाहिरात होती. त्यांनी ती वाचायला घेतली. “‘केस गळतात? कोंडा होतो?’” ते त्याच वैराच्या सुरात गरजू पाहत होते, पण आवाज काही केल्या लागेना.