रघूच्या दोन वाट्या

आमच्या शेजारचा रघू घरात नवीन यंत्र आणायचा तेव्हा आधी माझ्याकडे मूठभर वाल मागायला यायचा. खायला नाही. यंत्र तोलायला.

पडवीत बसून तो पुढ्यात दोन वाट्या ठेवायचा, एक पितळेची आणि एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. यंत्राचा गुण सापडला की एक दाणा पितळेच्या वाटीत, खोट सापडली की एक दाणा जर्मनच्या. हे काम कधी चार-चार दिवस चालायचं. तेवढे दिवस वाट्यांना कोणी हात लावायचा नाही, पडवी झाडायची नाही. एकदा माझ्या कोंबडीने कुठल्याशा रेडिओचे तीन गुण खाल्ले. ते तीन कुठले, हे रघूला काही केल्या आठवेना. मग त्याने सगळं पहिल्यापासून मांडलं. मला एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या खेपेला वाल मागायला आला तेव्हा फक्त म्हणाला, "काकी, कोंबडी डालून ठेवशील काय गो दोन दिवस?"

वालच कशाला, असं मी विचारलं होतं. तर धान्यंही त्याची तोलून झालेली होती. तांदूळ बोटाला चिकटतो, वाटाणा पळतो, तूर वाटीत दिसत नाही. "वाल चपटा. बसला की बसला," असं म्हणाला. काम झालं की सगळे दाणे परत आणून द्यायचा. त्याच्या हातून एक दाणा कधी कमी आला नाही.

आमची वस्ती आटगाव स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. रघूचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक कूड. माझा मुलगा वाशिंदला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, सणाला येतो. त्यामुळे शेजार म्हणजे रघू आणि त्याची आई, एवढाच. रघू विशीत असताना वाशिंदच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर लागला. ते यंत्र त्याच्या डाव्या अंगाला होतं. आठ वर्षं तो त्याच्याशेजारी उभा राहिला. मग कोणा साहेबाच्या ध्यानात आलं की या माणसाला डोकं आहे, आणि त्याला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवलं. तेव्हा नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं. तोवर त्याचा डावा कान कामातून गेला होता. रघूशी बोलायचं तर उजवीकडून जायचं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरांनाही कळत होतं. कळत नव्हतं ते एकट्या रघूला. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

कॉम्प्युटरला काय करायचं ते लिहून सांगणं, हे त्याचं काम. त्याला प्रोग्राम म्हणतात. म्हणजे नेमकं काय करतोस, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "समज, मशीनला चहा करायला सांगायचाय. तर लिहायचं, पाणी ठेव, पाणी उकळलं की पावडर टाक."

मी म्हटलं, "आणि नाय उकळलं तर?"

रघू माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला की हा सवाल ऑफिसात शिकलेल्या माणसांनाही सुचत नाही, आणि पाणी उकळलं नाही म्हणून त्यांची मशीनं दिवसदिवस बसून राहतात. त्या दिवसापासून त्याने माझ्या डोक्याचा फारच मोठा अंदाज बांधला. काही नवीन आलं की मला सांगायला यायचा. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी तांदूळ निवडायचे आणि मध्येच विचारायचे, "नाय झालं तर?" दर वेळी तो उठून घरी जायचा आणि काहीतरी सुधारून यायचा.

या प्रोग्राम लिहिण्याच्या भाषा असतात आणि त्याही दर दोन वर्षांनी नव्या येतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. कारखान्यात एकदा नवीन भाषा घ्यायची ठरली, आणि दोनपैकी कुठली घ्यावी हे रघूला विचारलं. रघू वाल घेऊन गेला. जुनी भाषा म्हातारी झाली तरी सांगितलेलं ऐकते, म्हणून तिला एक दाणा. नवी दिसायला चांगली, चित्रं दाखवते, पण काही विचारलं की आपल्यालाच शिकवायला लागते, म्हणून तिची एक खोट. असं तीन आठवडे चाललं. तोवर साहेबाने नवी घेऊन टाकली होती. तरी रघू तोलतच राहिला. महिन्याभराने मला येऊन म्हणाला, "त्यांनी घेतली ती बरोबर घेतली." मी म्हटलं, मग एवढं कशाला शिणलास? तर म्हणे, त्यांचं न तोलता बरोबर आलं, ते खरं बरोबर नाही.

लग्नाचंही असंच झालं. मुरबाडकडची एक मुलगी बघून आला आणि त्याच संध्याकाळी वाल मागायला आला. मला ते बरं वाटलं नाही, पण दिले. आठवड्याने विचारलं, काय निघालं? म्हणाला, "सारखंच पडलं." एखादा दाणा इकडेतिकडे होईल म्हणून तो थांबला. मुलीकडचे थांबले नाहीत. पुन्हा कोणी त्याच्यासाठी मुलगी बघितली नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही.

पण त्याचा खरा नाद गाण्याच्या यंत्रांचा. आधी कमरेला लावायचा टेप आला, मग चकतीवरचा, मग बोटाएवढी एक डबी, तिच्यात म्हणे शेकडो गाणी. सगळ्यांना कानात घालायच्या दोन वायरी. कल्याणच्या दुकानातून आणायचा, तोलायचा आणि परत करून यायचा. गाणी ऐकायचा म्हणावं तर तेही नाही. एकाच गाण्याची एकच ओळ दहा वेळा लावायचा आणि मान हलवायचा. प्रत्येक यंत्रात त्याला एक खोट हटकून सापडायची. "डाव्या अंगाचा आवाज बारीक हाय." दुकानदाराने तीनदा यंत्र बदलून दिलं. त्यानंतर रघू दिसला की तो आत चहा प्यायला जायला लागला.

ती डबी आणली तेव्हा रघू मला म्हणाला, "काकी, तू ऐक. तुला कळतं." एक वायर स्वतःच्या उजव्या कानात घातली, डाव्या अंगाची माझ्या कानात दिली. आम्ही दोघं पडवीत एका दोरीला बांधलेल्या गुरांसारखे बसलो. त्याने आशेने विचारलं, "बारीक हाय ना?"

माझ्या कानात नगारे वाजत होते. मी वायर काढली आणि म्हटलं, "मशीनला काय झालं नाय. कान गेलाय तुझा. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

मला वळणावळणाने बोलता येत नाही. रघूने एक दाणा जर्मनच्या वाटीत टाकला आणि वाट्या उचलून आत गेला. पुढची तीन-चार वर्षं त्याने माझ्याकडे वाल मागितले नाहीत. यंत्रं येत होती, कुडाच्या फटीतून दिसायची. तो शहापूरच्या बाजारातून वाल विकत आणायला लागला होता.

त्याच सुमारास त्याची आई गेली. बाई बोलायला खमकी होती. चुलीपाशी बसून बोलायची ते रस्त्यावर ऐकू यायचं. रघूने दिवसभर नुसती मान हलवली तरी घर बोलतं राहायचं. ती गेली आणि त्या घरातून भांड्याचाही आवाज येईना. पुढे कारखान्याने माणसं कमी केली, त्यात रघूही घरी बसला. मग मुरबाडला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागला. शहापूरला जायचं, तिथून एसटीने मुरबाड, आणि परत येईपर्यंत दिवेलागण व्हायची.

आता त्याचा उजवा कानही जायला लागला होता. हे मला त्याच्या दारावरून कळलं. तो येऊन दार उघडंच टाकायचा. कुत्रं आत शिरून भाकरी न्यायचं. मी अंगणातून ओरडायचे, "रघू, दार लावून घे रे." पहिल्यांदा दोन हाकांत ऐकायचा, मग चार हाकांत. पुढे पुढे मीच जाऊन दार ओढून यायला लागले. आत तो कॉम्प्युटरपुढे पाठ करून बसलेला असायचा. मी आले-गेले त्याला कळायचं नाही.

एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. उजवी बाजू माझ्याकडे करून बसला आणि म्हणाला, "काकी, मूठभर वाल दे."

मी दिले आणि मागोमाग गेले. त्याने बोलावलं नव्हतं.

पडवीत दोन वाट्या होत्या आणि मध्ये एका फडक्यावर ऐकू येण्याचं यंत्र. शेंगदाण्याएवढं. कल्याणच्या दुसऱ्या एका दुकानातून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं. सातवा दिवस होता. उद्या नेऊन द्यायचं, नाहीतर ठेवून घ्यायचं. क्लासच्या मालकाने त्याला सांगितलं होतं की मुलं विचारतात एक आणि तुम्ही उत्तर देता दुसऱ्याचं. काहीतरी करा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नका. हे रघूने मला, सिग्नल बिघडून गाडी उशिरा आली असं सांगावं, तसं सांगितलं.

मग यंत्र उजव्या कानात घालून तो तोलायला लागला. सेल आठवडाभर टिकतो, एक गुण. पोरांचे सवाल कळतात, दुसरा. कंडक्टर काय म्हणतो ते कळतं. डावीकडून बोललेलंही थोडं पोचतं. पावसाचा आवाज पत्र्यावर येण्याआधी झाडावर येतो, हे पुन्हा कळलं. पाच दाणे पितळेच्या वाटीत. मग खोटी. मध्येच शिट्टी वाजते. भांडं पडलं तर डोक्यात पडल्यासारखं वाटतं. पाण्यापासून जपायला लागतं. लोकांना दिसतं. इथे तो थोडा थांबला, पण दाणा टाकला. चार.

मी म्हटलं, "झालं तर. ठेव."

"थांब, एक राहिली," रघू म्हणाला. त्याने दाणा बोटांत धरला होता. "सहा दिवस घरात घालून बसलो, काकी. यंत्र चांगलं हाय. पण घरात बोलणारं माणूस नाय. ऐकायचं काय?"

आणि एवढं बोलून त्याने तो दाणा जर्मनच्या वाटीत टाकला. आवाजात काही नव्हतं. शिट्टी वाजते हे ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात.

पाच आणि पाच. सारखं पडलं की यंत्र परत जायचं, हा त्याचा नियम मला माहीत होता. मुरबाडची मुलगी त्याच नियमाने गेली होती. उद्या यंत्र जाणार, महिन्याने क्लास जाणार, आणि मग हा माणूस पाठ करून त्या खोलीत बसणार तो बसणारच.

मी हात घालून तो दाणा उचलला आणि कमरेला खोचला.

"असा दाणा काढता येत नाय," रघू म्हणाला.

"वाल माझे हायेत."

"तरी पण नाय येत. मांडलेलं मोडतं."

मी म्हटलं, "घरात माणूस नाय, ही मशीनची खोट हाय काय?"

त्याने विचार केला. "नाय."

"मग मशीनच्या वाटीत कशाला?"

रघूने जर्मनच्या वाटीतले चार दाणे पुन्हा मोजले. चहाच्या पाण्याचं विचारलं होतं तेव्हा बघितलं, तसंच माझ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "हे बरोबर हाय." मग पुन्हा थोड्या वेळाने, "पण मग ती खोट कुणाची?"

मी म्हटलं, "ते मला ठाऊक नाय. मशीनची नाय, एवढं ठाऊक हाय." आणि उठून घरी आले. गुडघे धरले होते.

दुसऱ्या दिवशी तो कल्याणला गेला नाही. सकाळी दाणे परत घेऊन आला, माझ्यापुढे ओतले आणि म्हणाला, "एक कमी हाय. तो तुझ्याकडेच हाय."

तो दाणा मी जपून वगैरे ठेवला नाही. बाकीच्यांबरोबर भिजत घातला, मोड आले तेव्हा सोलला, आणि त्याचं बिरडं केलं. वाटीभर रघूला नेऊन दिलं. त्याने उभ्या उभ्या चाखलं आणि म्हणाला, "खोबरं बरोबर, मीठ बरोबर. तिखट कमी." मी म्हटलं, आणखी बोललास तर उद्यापासून देणार नाही. ते त्याला पहिल्या हाकेत ऐकू गेलं. मग तासभर बसले. बोलायला फार काही नव्हतं. कोणाचा भात शेतात लोळला, कोणाची सून कोणाला काय म्हणाली, एवढंच. रघू मध्ये मध्ये म्हणत होता, "हळू बोल काकी, डोक्यात वाजतं." माझी ओरडायची सवय जाईना.

दिवेलागणीला निघाले. अंगणात आल्यावर, मागे न वळता, कोणी शेजारी चालत असावं एवढ्याच आवाजात मी म्हटलं, "दार लावून घे रे."

मागे कडी लागल्याचा आवाज आला.