डोलोरेसची पेन्सिल

सांगा पाहू, विश्वास ठेवावा तर कोणावर? अख्खा सामना घोरत काढणाऱ्या शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यावर, की चौतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. अमेरिकेतल्या टोलेडोच्या डोलोरेस पकुल्स्कीनं घाईच केली होती.

तिच्या नवऱ्याचं, ऑर्विलचं, हार्डवेअरचं दुकान. माणूस असा चोख, की शंभर खिळे मागितले तर एकशे एक मोजून द्यायचा. पण बेसबॉलच्या मैदानात शिरला की डोक्यात एकच भुंगा: इथं आपल्या गावची बिअर का मिळत नाही? बाहेरच्या कंपनीचं पिवळं पाणी किती दिवस प्यायचं? त्यानं मैदानाच्या कचेरीला चौदा पत्रं लिहिली. (उत्तर एकाचंही आलं नाही.) आणि या मोसमात घराशेजारच्या वेंडेलनं गॅरेजात बनवलेली चेरीची बिअर खरोखरच मैदानात आली! मिळायची मात्र एकाच टपरीवर, पकुल्स्कींच्या खुर्च्यांपासून थेट दुसऱ्या टोकाला. त्यातून सातवा डाव संपला की बिअर बंद.

डोलोरेसला बिअरचं काही नव्हतं. तिच्या मांडीवर असायची गुणवही. वडिलांनी घालून दिलेली रीत: दर फलंदाजाला एक चौकट, आणि ती डोळ्यांनी पाहूनच भरायची. नजरेतून सुटलं, तर चौकटीत सरळ लिहायचं, ‘पाहिलं नाही’. बेसबॉलमध्ये तिघे बाद झाले की डाव संपतो, आणि वडिलांच्या वहीत एकदा एकाच फटक्यावर तिघे बाद झाल्याची दुर्मीळ नोंद होती. "तुझ्याही वहीत येईल, पोरी," असं म्हणून ते गेले. चौतीस वर्षं ती वाट पाहत होती.

त्या दिवशी चौथ्या डावापासून तिनं लघवीची कळ सोसली. सातव्यात दोघे फलंदाज फटका न मारताच, फुकटात बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, चढले, तिनं ते टिपलं आणि तिला बसवेना.

"ऑर्वी, धर पेन्सिल. जागचा हलू नकोस."

"मी काय लहान आहे?"

"असतास तर बरं होतं. ऐकलं तरी असतंस."

ती दिसेनाशी झाली आणि ऑर्विलनं टपरीकडे पाहिलं. आत्ता नाही तर कधीच नाही. पलीकडच्या खुर्चीत म्हातारा गस घोरत होता. त्याच्या साक्षीनं ऑर्विल वही काखेत मारून पळाला.

"ऑर्वी! अरे, तुझ्या पत्रांमुळेच आलो बघ इथं!" वेंडेलनं मिठीच मारली. "आधी चव घे. चेरी? कॉफी? की काकडीचं लोणचं?"

"दोन चेरी. लवकर!"

"चांगल्या बिअरला घाई चालत नाही, बाबा."

तेवढ्यात सगळं मैदान हादरलं. ऑर्विलनं जाणाऱ्या एकाला अडवलं. "काय झालं हो?"

"डाव खलास! तिघेही गेले!"

तिघे गेले म्हणजे तीन बाद. हिशेब जुळला! त्यानं दोन पेले घेऊन खुर्ची गाठली, वहीत डोलोरेसचे दोन्ही फलंदाज धावताना बाद केले आणि तिसऱ्याला उंच झेल देऊन टाकला. (रंगत यावी म्हणून कुंपणाजवळ.)

डोलोरेस ओल्या हातांनी धावतच आली. डोळेही ओलेच. "लिहिलंस? सांग ना, कसं झालं?"

"काही विशेष नाही. एक, दोन, तीन. नेहमीचंच."

तिनं वहीत पाहिलं. मग त्याच्या हातातल्या दोन पेल्यांकडे पाहिलं.

"ऑर्वी, बायकांच्या संडासात रेडिओ लावलेला असतो," ती हळूच म्हणाली. "फटका, झेल, बेसवर पाय, फेक. एकाच फटक्यात तिघे! मी दाराला कान लावून रडले रे. म्हटलं, मला नाही दिसलं तरी चालेल. माझा माणूस तिथं पेन्सिल घेऊन बसलाय."

"डॉली, मी..."

"नुसतं ‘पाहिलं नाही’ लिहायचंस. बाबांनी ते दोन शब्द असल्या वेळेसाठीच ठेवले होते."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं रबरानं खोडलं, आणि जिथं वडिलांसारखी नोंद यायची तिथं तेच दोन शब्द लिहिले. ऑर्विलनं प्रायश्चित्त म्हणून दोन्ही पेले संपवले. ज्या बिअरसाठी चौदा पत्रं लिहिली, ती लहानपणच्या खोकल्याच्या औषधासारखी लागली.

पुढच्या सामन्यात डोलोरेस उठली, तेव्हा ऑर्विलनं आशेनं हात पुढं केला. तिनं गसला हलवून जागं केलं आणि पेन्सिल त्याच्या मुठीत दिली. गसनं ती घेतली आणि पुन्हा डोळे मिटले. ती परतली तेव्हा चौकट कोरी होती.

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "याला म्हणतात भरवशाचा माणूस."

तेव्हापासून ऑर्विलकडे एकच काम आहे, गससाठी चेरीची बिअर आणायची. म्हणून सांगतो मंडळी, कुणी विश्वासानं पेन्सिल हाती दिली, तर हिशेब खरा ठेवा. आणि ते जमणार नसेल, तर निदान गससारखी झोप तरी काढा.