एक हजार चोवीस बाइटांची गळती

मेजावर तुंपेंग येऊन पोचला तरी रेंगानिसच्या प्रोग्रॅममधून एक हजार चोवीस बाइट मेमरी गळतच होती.

पाक दादांग यांचा बांडुंगमधला छोटा कारखाना दवाखान्यांसाठी नंबराच्या चिठ्ठ्या देणारी यंत्रं बनवायचा. नवं यंत्र बाहेर पडताना तुंपेंग कापायचा आणि पिवळ्या भाताच्या त्या सुळक्याचं टोक यंत्र करणाऱ्याच्या हातात द्यायचं, ही सगळ्यांची रीत. त्याआधी गळतीच्या, म्हणजे घेऊन परत न केलेल्या मेमरीच्या, अहवालात शून्य दिसलं पाहिजे, ही पाक दादांगांची. शून्य दिसलं तर रेंगानिसची नोकरी आज पक्की, नाहीतर तीन महिन्यांची उमेदवारी संपली.

"पाक, ही मेमरी मी घेतलीच नाही," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "छपाईसाठी सिस्टिमची लायब्ररी ती स्वतःच घेते आणि शेवटपर्यंत धरून ठेवते. वाढत नाही, प्रोग्रॅम संपला की आपोआप सुटते. हे बघा, नुसतं 'सुप्रभात' छापणारा एका ओळीचा प्रोग्रॅम. इथेही एक हजार चोवीसच!"

"म्हणजे दोन प्रोग्रॅम गळतात," पाक दादांग म्हणाले. "घेतलं की परत करायचं. बाकी मला काही सांगू नकोस."

बिचारीने लायब्ररीतल्या तयार कोडने घेतलेली ती जागा स्वतःच परत करून टाकली. यंत्राने अर्धी चिठ्ठी छापली आणि मान टाकली. केलेलं सगळं निस्तरून ती पुन्हा एक हजार चोवीसवर आली.

शेवटी शेजारच्या मेजावरचा कांग आगुंग मदतीला धावला. त्याला भूक अनावर झाली होती. "अगं, कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी देता येते. सरक!" यादीत फक्त त्या लायब्ररीचं नाव लिहायचं, पण एवढा धीर कुणाला? त्याने एक चांदणी ठोकून दिली. चांदणी म्हणजे सगळ्याचकडे दुर्लक्ष.

शून्य! टाळ्या पडल्या. पाक दादांगांनी सुरी उचलली आणि ते थबकले. "माझ्या जुन्या यंत्राचा प्रोग्रॅमही तपासा की."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ते यंत्र गेली बारा वर्षं रोज दुपारी अडकायचं आणि दवाखान्यातल्या बू ईमास ते बंद करून चालू करायच्या. अहवाल आला. शून्य!

पाक दादांगांचे डोळे भरून आले. "बघितलंत? बारा वर्षं नावं ठेवलीत मला!" त्यांनी लगेच फोन लावला. "बू ईमास, यंत्र निर्दोष आहे. आजपासून बंद-चालू अजिबात करायचं नाही!"

दुपारी अडकणारं यंत्र आठवून रेंगानिस उठली. लेकरं कडेवर घेऊन आया रांगेत उभ्या असणार.

"गप्प बस गं, भात गार होतोय," आगुंग पुटपुटला.

"पाक, ते शून्य खोटं आहे," ती बोलून गेली. तिने चांदणी खोडली आणि लायब्ररीचं एकटं नाव लिहिलं. तिचा प्रोग्रॅम शून्यावरच राहिला. पाक दादांगांचा अहवाल मात्र सुरू झाला तो थांबेचना. एकेका चिठ्ठीमागे गळतीची एकेक ओळ, म्हणजे दुपारपर्यंत मेमरी संपणारच, आणि प्रत्येक ओळ त्यांनी लिहिलेल्या फाइलकडे बोट दाखवत होती.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "बू, ते बंद करून चालू करा. ताबडतोब."

"मघाशीच केलं," बू ईमास म्हणाल्या. "तुमचं ऐकत बसले असते तर हा दवाखाना कधीच बंद पडला असता."

पाक दादांगांनी सुळक्याचं टोक कापलं आणि रेंगानिसच्या हातात ठेवलं.

"नोकरी पक्की," ते खाली बघत म्हणाले. "पोटभर खाऊन घे. मग माझं यंत्र दुरुस्त करायला बस."