नीटनेटकी गरिबी

घर बघायला शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचा माणूस येणार असा फोन आला, आणि आईने आधी पडदे धुवायला काढले.

वकिलीच्या शिष्यवृत्त्या शोधण्यात लेकीने अख्खी सुट्टी घालवली होती. एक फक्त अनाथांना होती, एक फक्त खेळाडूंना, एकीची मुदत कालच संपली होती. उरली ती ही एकच. मिळाली तर कॉलेज, नाहीतर मावशीच्या ओळखीने कपड्यांच्या दुकानात नोकरी.

"आई, ते गरिबी बघायला येतायत."

"बघू देत की. पण नीटनेटकी बघू देत. परक्या माणसाला काय भिंतीचे पोपडे दाखवायचे?"

भिंतींचा विषय निघाल्यावर वडील गप्प बसणं शक्य नव्हतं. ते रंगारी. जन्मभर लोकांची घरं रंगवली, स्वतःच्या घराला कधी ब्रश लागला नव्हता. कामावरून उरलेले डबे होतेच. बाहेरची खोली अशी झकास निळी झाली, की तिच्यात जुन्या खुर्च्या डोळ्यांत खुपायला लागल्या. मग आई शेजारच्या काकूंकडे गेली. काकू मनाने मोठ्या. त्यांनी सोफा दिला, काचेचं टेबल दिलं, टीव्ही दिला. "फ्रिजही न्या, त्याशिवाय शोभा नाही," म्हणाल्या आणि मुलाला उचलायला लावलं.

लेकीने कपाळावर हात मारला. पण आईवडील त्या खोलीकडे इतक्या कौतुकाने बघत होते, की तिला पुढे बोलवेना.

साहेब आले, सोफ्यावर टेकले. "रंग नुकताच दिलेला दिसतो."

"हो साहेब, तीन हात दिलेत," वडील म्हणाले. "भारीतला आहे. पुसला तरी जात नाही."

आता मात्र लेकीला राहवेना. "साहेब, हे सामान आमचं नाही."

"असं काय बोलतेस गं?" आईने दटावलं. "साहेब, लाजते ती. सगळं आमचंच आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि चहा संपवून उठले. दारात त्यांनी विचारलं, "शेजारचं घर हेच ना? त्यांच्या मुलाचाही अर्ज आहे."

तो अर्ज लेकीनेच त्याला भरायला सांगितला होता. तिने बोट दाखवलं. काकूंच्या खोलीत एक सतरंजी होती आणि तिच्यावर काकू. "बसा ना साहेब, खालीच बसावं लागेल," एवढंच त्या म्हणाल्या. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

शिष्यवृत्ती काकूंच्या मुलाला मिळाली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि वडिलांनी निळ्या भिंतीकडे पाठ करून जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी ते सोफा परत न्यायला उचलत होते, तेवढ्यात काकू धावत आल्या. त्यांना वर बघवत नव्हतं.

"ठेवा हो तो खाली. ते लोक दरवर्षी घर बघायला येणार आहेत म्हणे. मुलगा वकील होईपर्यंत राहू दे तुमच्याकडेच."

"आणि पुढच्या वर्षी आमच्या हिने परत अर्ज केला तर?" आईने विचारलं.

वडिलांनी सोफा हळूच पुन्हा भिंतीला लावला. लेकीने पर्स उचलली. दुकान दहाला उघडायचं होतं.