दहा चुकीच्या तारखा

भोरच्या एका दूध कंपनीत कोंडिबा सुपरवायझर होता. कंपनीचा ईमेल मोबाईलवर हवा असेल तर मोबाईलला सहा आकड्यांचं कुलूप लावायचं, आकडे कुणाला सांगायचे नाहीत आणि दहा वेळा चुकले तर मोबाईल आपोआप पुसला जाईल, असा नवा नियम निघाला. पुण्याहून कॉम्प्युटरचं काम बघणारी शुभांगी आली आणि सगळ्यांच्या मोबाईलवर तशी सोय करून गेली. घरच्यांनाही सांगू नका, असं तिनं कोंडिबाला दोनदा बजावलं.

कोंडिबा नियमाला धरून चालणारा. रविवारी वेल्ह्याला घरी आला, तरी बायको अक्काबाईपाशी त्यानं चकार शब्द काढला नाही. मोबाईल कट्ट्यावर ठेवून तो आंघोळीला गेला.

लेकीची, नूतनची, पोर नुकतीच चालायला लागली होती. तिचा व्हिडिओ बघायला अक्काबाईनं मोबाईल उचलला, तर तो आकडे मागू लागला. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं साधी ट्रंकही कधी बंद केली नव्हती. आकडे आपल्याला येणारेच असणार, असं धरून ती दाबत गेली.

कोंडिबा डोकं पुसत बाहेर आला तेव्हा मोबाईल पार कोरा झाला होता आणि भाषा निवडायला सांगत होता.

शेजारच्या गेनूचा मोबाईल मागून त्यानं शुभांगीला फोन लावला, स्पीकर चालू केला. कोणी काय दाबलं, असं तिनं विचारलं. कोंडिबानं वैतागून बायकोकडं पाहिलं.

"आपल्या लग्नाची तारीख," अक्काबाई म्हणाली. "मग नूतनच्या जल्माची. तुमी नोकरीला लागला ती. दवाखान्यातनं जित्तं घरी आला ती, एकोणीस ऑगस्ट..."

दहाही तारखा तिनं न अडखळता सांगितल्या. कोंडिबाला त्यातल्या दोनच ठाऊक होत्या.

"मंग खरा आकडा कंचा व्हता?" तिनं विचारलं.

"दुधाच्या टँकरचा," तो खाली बघत म्हणाला. "म्होरं दोन शून्य लावून."

शुभांगीनं फोनवरूनच सांगत मोबाईल पुन्हा सुरू करून दिला, व्हिडिओ लेकीकडून मागवून घ्या म्हणाली आणि नवे आकडे टाकायला सांगितले. टाकताना शेजारी कुणी बघत नाही ना, तेही विचारलं.

अक्काबाईनं आपणहून पाठ फिरवली आणि तोरण्याकडं तोंड करून बसली.

कोंडिबानं एकोणीस टाकले. ऑगस्टचा शून्य आठ टाकला. आणि बोट तिथंच थांबलं.

"सोळा," अक्काबाई मागं न बघता म्हणाली.