पुंडलिकभाऊ आणि क्लाउड

आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या खोलीत उपाशी माणसाला प्रवेश नव्हता. हा नियम मालकांचा नव्हे, पुंडलिकभाऊंचा. सॉफ्टवेअरमधला नवा बदल घेऊन दाराशी गेलं की ते आधी चपला काढायला लावायचे आणि मग विचारायचे, "जेवून आली का?" उपाशी माणूस घाई करतो आणि घाईत नको ते पुसून टाकतो, असं त्यांचं म्हणणं. साबुदाण्याची उसळ ते जेवणात धरत नसत. त्यामुळे श्रावणात आमचं काम जवळजवळ बंदच पडायचं.

आमची लहानशी कंपनी वाशीमला आहे. बियाणं आणि खतं विकणाऱ्या दुकानांसाठी आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. जिल्ह्यातली मालेगावपासून धनजपर्यंतची दुकानं आमच्या भरवशावर चालतात. सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही प्लायच्या भिंतीच्या अलीकडे बसायचो आणि ते चालवणारे पुंडलिकभाऊ एकटे पलीकडे. वय पन्नाशीच्या पुढचं, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी कुलूप तेच उघडायचे आणि संध्याकाळी तेच लावायचे.

कुठलाही बदल सुचवला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "चालून राह्यलं ना? मंग कायले हात लावता?" आणि काही बंद पडलं की आम्ही म्हणायचो, भाऊंच्या मशीनचा दोष, ते म्हणायचे, आमच्या लिखाणाचा. हा वाद मिटेपर्यंत बिचारे दुकानदार हातानं बिलं फाडायचे.

मग एक दिवस मालक पुण्याहून आले ते डेव्हऑप्स हा शब्द घेऊनच. सर्व्हर जाणार, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनवर, जाणार, प्लायची भिंतही जाणार. लिहिणारे आणि चालवणारे एकत्र बसणार. महिन्यातून एकदा मोठा बदल करायचा नाही, रोज लहान लहान करायचे. पुंडलिकभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग मी कुठं बसू?"

मालकांनी माझ्या शेजारची खुर्ची दाखवली.

विरोध त्यांनी केला नाही. फक्त पासवर्ड एकदम दिले नाहीत. ज्या दिवशी मी डब्यातली चटणी वाढली, त्या दिवशी एक मिळाला. ते हातानं जी कामं करत, ती मशीननं आपोआप करावीत असं लिहून ठेवणं माझ्याकडे होतं. बहुतेक कामं सोपी निघाली, एक मात्र अडलं. रोज सकाळी ते एकेका दुकानाला फोन लावायचे. आधी "बिल निघून राह्यलं ना?" आणि मग कुणाची गाय, कुणाच्या पोराची परीक्षा, धनजच्या सुमनबाईंचा गुडघा. सुमनबाई नवऱ्यामागे एकट्या दुकान चालवत. कुठल्या दिवशी कुणाला फोन लावायचा, त्याचा नियम काय, असं मी विचारलं. "वाटलं त्याले लावाचा," भाऊ म्हणाले. हे काही मला लिहिता येईना.

सगळ्यात आधी सुमनबाईंचं दुकान क्लाउडवर न्यायचं ठरलं. पेरणीचे दिवस. तासाभरात त्यांचाच फोन आला, खताचं पोतं घेतलं तर बिलावर सोयाबीनचं बियाणं उमटत होतं. दुकानात गर्दी जमलेली. चूक माझ्या लिखाणातली होती. आता भाऊ ऐकवणार म्हणून मी मान खाली घातली आणि मागे जाण्याचं बटण दाबलं. क्षणात जुनं सॉफ्टवेअर परत आलं आणि बिलं नीट निघू लागली.

भाऊ पुढे वाकून माझ्या पडद्याकडे बघू लागले.

"मागं येता येते?" त्यांनी विचारलं.

"येतं, भाऊ. लगेच."

मग त्यांनी हळूच सांगितलं. मी इथे यायच्या आधी, अशाच पेरणीत, त्यांनी स्वतः काहीतरी बदललं होतं आणि सगळी दुकानं बंद पडली होती. परतायला वाटच नव्हती. "तवापासून हात लावाचं भेवच वाटते, माय," ते म्हणाले. त्या दुपारी त्यांनी उरलेले सगळे पासवर्ड दिले. दुसऱ्या दिवशी मी चूक सुधारली आणि नवं सॉफ्टवेअर धनजला त्यांनीच पाठवलं.

त्यानंतर भाऊ असे बदलले की आम्हालाच आवरता येईनात. चहावाल्यालाही सांगायचे, एकदम काही बदलू नको, रोज थोडंथोडं बदल. भिंतीवर मोठा पडदा लागला, त्यावर प्रत्येक दुकानाचा एक ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. भाऊ त्याच्यापुढे खुर्ची टाकून समाधानानं बसू लागले. आता रोज फोन करायची गरज नाही, असं मालक म्हणाले, आणि भाऊंनी फोन बंद केले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सुमनबाई होत्या. काय बंद पडलं, असं मी विचारलं. काहीच नाही, उलट बिल पहिल्यापेक्षा लवकर निघतं, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं,

"पुंडलिकभाऊचा फोन नाई आला इतक्यात. तब्येत बरी हाये ना त्याईची?"

मी भाऊंना निरोप दिला. ते पडद्यावरचा धनजचा ठिपका बघत म्हणाले, "हिरवं तं हाये. मंग बाई कायले पुसते?"

"दुकानाचं नाही विचारत, भाऊ. तुमचं विचारतात."

ते उठले. मग मोबाइल काढून खिडकीशी गेले. नंबर लावला, घसा खाकरला, आणि पलीकडून पहिला प्रश्न बिघाडाचाच आला असावा.

"नाई, नाई," ते म्हणाले, "बिघडलं काहीच नाई. असाच लावला."

मग त्यांनी पायानं जवळची खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाठ करून ऐकत बसले.